ओटीतल्या मोठ्या प्रसंगानंतरची दहा मिनिटं: डीब्रीफ घ्यायचा कसा?

टाका-धागा

ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) टेबलवर रक्तस्राव आवरेना, हृदय थांबलं, श्वासनलिकेत नळी जाईना, किंवा पोट बंद करताना एक मॉप (रक्त टिपायचं कापड) कमी भरला. पेशंट कसाबसा आयसीयूत पोचतो आणि टीम पांगते. सर्जन नातेवाइकांकडे, भूलतज्ज्ञ पुढच्या हॉस्पिटलकडे, सिस्टर पुढची ट्रॉली लावायला. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या डोक्यात त्या प्रसंगाची वेगळी गोष्ट तयार असते. पांगापांग होण्याआधीच्या दहा मिनिटांत टीमने एकत्र काय बोलायचं, म्हणजे डीब्रीफ कसा घ्यायचा, त्यासाठी हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. जागतिक आरोग्य संघटनेची सर्जिकल चेकलिस्ट २००८ साली आली. भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि पेशंट ओटीतून निघण्याआधी असे तिचे तीन थांबे. आठ शहरांतल्या चाचणीत, त्यात दिल्लीही होती, मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. इंग्लंडमध्ये २०१० साली याच तीन थांब्यांच्या आधी ब्रीफिंग आणि शेवटी डीब्रीफिंग जोडून पाच पायऱ्या केल्या. आपल्याकडे पहिले दोन थांबे बऱ्यापैकी रुळलेत. तिसऱ्यावर ड्रेसिंग चालू असतानाच टिकमार्क पडतात.

रोजचा डीब्रीफ हा दिवसाची ऑपरेशनं संपल्यावरचा दोन मिनिटांचा विषय. मला बोलायचंय ते मोठ्या प्रसंगानंतरच्या डीब्रीफबद्दल. तो कधी घ्यायचा हे त्या क्षणी ठरवायला गेलं तर कधीच घेतला जात नाही, म्हणून यादी आधीच भिंतीवर हवी: सीपीआर, दीड लिटरच्या वर रक्तस्राव, नळी न जाणं, अ‍ॅनाफायलॅक्सिस (जीवघेणी अ‍ॅलर्जी), काउंट (मॉप-अवजारांची मोजणी) न जुळणं, चुकीची बाजू किंवा चुकीचं औषध (वेळेत लक्षात आलं तरीही), ऑक्सिजन किंवा वीज जाणं, ठरलेलं नसताना आयसीयूत न्यावं लागणं. शिवाय टीममधल्या कोणीही, अगदी ओटीतल्या मावशींनी मागितला, तरी घ्यायचा.

क्रम साधा आहे. पेशंट सोपवून झाला, नातेवाइकांशी पहिलं बोलणं झालं, पुढचा पेशंट अजून आत बोलावलेला नाही, अशा वेळी सगळ्यांनी मास्क खाली करून उभ्या उभ्याच बोलायचं. खुर्च्या आल्या की मीटिंग होते. एकाने दोन वाक्यांत केस सांगायची. मग काय जमलं, काय अडलं, आणि शेवटी एक किंवा दोनच कामं, नाव आणि तारखेसकट. एडिंबरोच्या इमर्जन्सी विभागाने 'स्टॉप फाइव्ह' नावाचा जो पाच मिनिटांचा साचा केला, त्याचा गाभा हाच आहे.

निद्रादेवी

छान धागा. दोन गोष्टी जोडते.

पहिली, डीब्रीफच्याही आधीची. पुरावा जपा. वापरलेल्या अ‍ॅम्प्युल आणि सिरिंज एका ट्रेमध्ये बाजूला ठेवा, कचऱ्यात नाही. बऱ्याच मॉनिटरवर 'नवीन पेशंट' दाबलं की आधीचे ट्रेंड पुसले जातात, म्हणून आधी प्रिंट काढा, नाहीतर स्क्रीनवरचे आकडे वेळेसकट लिहून घ्या. यंत्रावर शंका असेल तर चिठ्ठी चिकटवून ते बाजूला काढा, पुढच्या केसला लावू नका. अ‍ॅनाफायलॅक्सिसचा संशय असेल तर ट्रिप्टेज या रक्ततपासणीचे तीन नमुने लागतात: पेशंट सावरताच पहिला, एक ते दोन तासांनी दुसरा (चार तासांच्या पुढे नको), आणि २४ तास उलटल्यावर तिसरा. तिसरा हमखास राहतो, कारण तोवर पेशंट वॉर्डात असतो आणि वॉर्डला काहीच माहीत नसतं. डीब्रीफमध्ये कोणाच्या तरी नावावर टाकायचं पहिलं काम हेच.

दुसरी गोष्ट, 'काय चुकलं?' हा प्रश्नच विचारू नका. त्याने माणसं बचावाच्या पवित्र्यात जातात आणि वेळ सफाई देण्यात जातो. त्याऐवजी पाच घड्याळं विचारा.

लक्षात कधी आलं? मोठ्याने कधी बोललं गेलं? मागवलं कधी? हातात कधी आलं? पेशंटला कधी मिळालं?

समजा सीझर आहे, गर्भाशय आकसत नाहीये. नाडी १३० वर गेल्याचं १०:१२ ला लक्षात आलं. 'रक्तस्राव जास्त आहे' हे सर्जनला ऐकू जाईल असं १०:१९ ला बोललं गेलं. रक्त १०:२१ ला मागवलं. पिशवी ओटीत १०:५८ ला आली. सुरू झाली ११:०७ ला. म्हणजे ७, २, ३७ आणि ९ मिनिटं. सगळ्यांचं बोट लगेच ३७ कडे जाणार, ब्लड बँक सुस्त म्हणून. पण ते ३७ फोडून बघा. नमुन्याच्या ट्यूबवर नाव नव्हतं म्हणून ती परत आली, फॉर्म नातेवाइकांच्या हाती दिला होता, ते आधी बिलिंगला गेले. यातलं ब्लड बँकेच्या हातात किती होतं? आणि शेवटची ९ मिनिटं रक्ताचा सेट आणि वॉर्मर (रक्त कोमट करायचं यंत्र) शोधण्यात गेली. ते तर पूर्ण आपल्या ओटीतलं. सुरुवातीच्या ७ मिनिटांबद्दल सिस्टर लोकांनीच लिहावं, कारण दिसलेलं बोललं का जात नाही हे त्यांना जास्त ठाऊक.

काउंट_बरोबर

लिहिते. दिसलेलं बोललं जात नाही, कारण बोलल्यावर 'ठाऊक आहे, तुम्ही तुमचं बघा' असं ऐकावं लागतं. एकदा ऐकलं की पुढच्या वेळी माणूस आधी डोळ्यांनी खुणा करतो, मग शेजारच्या सिस्टरला हळूच सांगतो, आणि सगळ्यात शेवटी सरांना. त्यात सात मिनिटं सहज जातात. म्हणून डीब्रीफमध्ये बोलण्याचा क्रम उलटा ठेवा. आधी मावशी आणि वॉर्डबॉय, मग फ्लोअर सिस्टर, स्क्रब सिस्टर, टेक्निशियन, मग भूलतज्ज्ञ, आणि सर्जन सर्वांत शेवटी. सरांनी आधी 'माझ्या मते सगळं व्यवस्थित झालं' म्हटलं की विषय तिथेच संपतो. ब्लड बँकेत धावत कोण गेलं होतं? बहुतेक वेळा वॉर्डबॉय. खिडकीवर काय अडलं हे त्यालाच माहीत असतं, आणि त्यालाच कोणी विचारत नाही.

रक्तस्रावाच्या आकड्याबद्दलही. 'साधारण आठशे असेल' हा आकडा नेहमी कमीच असतो. मॉपचं वजन करा, कोरड्याचं वजन वजा करा, एक ग्रॅम म्हणजे एक मिली धरा. कोरड्या मॉपचं वजन आधीच करून काट्यावर चिकटवून ठेवा. सक्शनच्या बाटलीतून धुण्याचं सलाईन वजा करा. सीझरमध्ये बाळ बाहेर आल्यावर लगेच बाटलीवर रेघ मारा, रेघेच्या खालचं बहुतेक गर्भजल असतं. डीब्रीफमध्ये अंदाज आणि मोजलेला आकडा शेजारी शेजारी लिहा. दोन-तीन प्रसंगांत टीमची नजर सुधारते.

काउंट न जुळल्यावर 'मोजलं कोणी' हा प्रश्न निरुपयोगी. मोजणारा कधी बदलला ते विचारा. दुपारी दोनला पाळी बदलताना उघड्या पोटावर काउंट सोपवला जातो. मधेच वाढवलेले मॉप फळ्यावर लिहिले का? कोणी गॉझ अर्धा कापून वापरला का? आणि मॉपमध्ये एक्स-रेवर दिसणारी पट्टी होती का? हॉस्पिटलातच शिवलेल्या मॉपमध्ये ती पुष्कळदा नसते. मग सी-आर्म (ओटीतलं एक्स-रे यंत्र) आणून काही उपयोग नाही, दिसणारच नाही.

तालुका प्लेस

सगळं पटतंय, पण हे कॉर्पोरेट हॉस्पिटलचं झालं. वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये टीम म्हणजे काय? एक सर्जन, एक बाहेरून येणारे भूलतज्ज्ञ, एक सिस्टर, एक मावशी. भूलतज्ज्ञांच्या दिवसाला चार ठिकाणी केस. पेशंट शुद्धीवर आला की ते गाडीला किल्ली लावतात, आणि लावायलाच हवी, पुढे दुसरं सीझर अडलेलं असतं. तुमची दहा मिनिटं आणायची कुठून?

शिवाय एक स्पष्ट विचारतो. याने खरंच फरक पडतो, की ऑडिटसाठी अजून एक कागद?

टाका-धागा

फरकाबद्दल आधी. टॅनेनबॉम आणि सेरासोली यांचं २०१३ चं मेटा-विश्लेषण (अनेक अभ्यासांचं एकत्रित गणित) आहे. नीट घेतलेल्या डीब्रीफने कामगिरी सरासरी २० ते २५ टक्के सुधारते असा त्याचा निष्कर्ष. पण त्यातले अभ्यास सैन्य, विमानोड्डाण, सिम्युलेशन असे मिश्र आहेत. तो आकडा जसाच्या तसा आपल्या ओटीला लावू नये. मूळ पद्धतही अमेरिकी सैन्याची, १९७० च्या दशकात युद्धसरावानंतर सुरू झालेली. तिथे सराव रोज असतो, आपल्याकडे तसा प्रसंग वर्षातून दोनदा येतो. म्हणून आपला डीब्रीफ कौशल्यापेक्षा व्यवस्था सुधारायला जास्त कामी येतो असं माझं मत.

वेळेबद्दल: चार माणसांना दहा मिनिटं लागतच नाहीत. भूलतज्ज्ञ सामान आवरत असतानाच तीन मिनिटांत पाच घड्याळं तेवढी लिहून घ्या, कारण वेळा संध्याकाळपर्यंत विसरतात. बाकीचं रात्री स्पीकरवर फोन लावून, सिस्टरची पाळी संपण्याआधी. फक्त व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको. 'कालच्या केसमध्ये' म्हणून टाकलेला एक मेसेज स्क्रीनशॉट होऊन गावभर फिरतो.

निद्रादेवी

@तालुका प्लेस, बाहेरून येणाऱ्या भूलतज्ज्ञाला डीब्रीफचा सगळ्यात जास्त फायदा आहे, कारण तो चार ओट्यांमधल्या चार वेगवेगळ्या क्रॅश कार्टवर (आणीबाणीच्या औषधांच्या ट्रॉलीवर) काम करतो. उदाहरण घ्या. स्थानिक भुलीच्या औषधाची विषबाधा झाली, उतारा म्हणून २० टक्क्यांचं लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं पांढरं स्निग्ध द्रावण) द्यायचंय. ५० किलोचा पेशंट. सुरुवातीला किलोमागे १.५ मिली, म्हणजे ७५ मिली, दोन-तीन मिनिटांत. नंतर किलोमागे मिनिटाला ०.२५ मिली, म्हणजे १२.५ मिली. कपाटात २५० मिलीची एकच बाटली आहे. ७५ गेले, उरले १७५. चौदा मिनिटांत बाटली रिकामी, आणि दुसरी शहरातल्या मेडिकलमध्ये. कमाल मर्यादा किलोमागे १२ मिली, म्हणजे या पेशंटला ६००. 'आमच्याकडे लिपिड आहे' हे वाक्य किती पोकळ असू शकतं ते या गणिताने कळतं. बाटली १० टक्क्यांची निघाली तर अजून गंमत. आणि भुलीचं प्रोपोफॉल पांढरं दिसतं म्हणून ते याला पर्याय नाही, त्याने रक्तदाब आणखी पडतो.

डँट्रोलिनचंही तसंच, म्हणजे भुलीच्या औषधाने शरीराचं तापमान भडकतं तेव्हा द्यायच्या औषधाचं. किलोमागे २.५ मिग्रॅ, ५० किलोला १२५. कुपी २० मिग्रॅची, म्हणजे सात कुप्या, आणि प्रत्येकीत ६० मिली निर्जंतुक पाणी. ४२० मिली पाणी भरून हलवत बसायला दोन मोकळी माणसं लागतात. औषध जवळपास कुठे मिळतं हे विचारायची वेळ तापमान चढल्यावरची नव्हे.

फाईलवाला

क्वालिटीच्या बाजूने. डीब्रीफ मरतो तो घेतला जात नाही म्हणून नाही. ठरलेलं होत नाही म्हणून मरतो. सिस्टरने तिसऱ्यांदा 'वॉर्मर दुसऱ्या मजल्यावर असतो' सांगितलं आणि तो अजून तिथेच आहे, तर चौथ्यांदा ती गप्प बसणार. तिचं बरोबरच आहे.

रजिस्टरमध्ये चारच रकाने ठेवा: काय करायचं, कोण करणार, कधीपर्यंत, झाल्याचं कोणी डोळ्यांनी पाहिलं. चौथा रकाना भरणारी व्यक्ती दुसऱ्या रकान्यातली नसावी. झाल्यावर ओटीच्या फळ्यावर आठवडाभर लिहा, 'वॉर्मर आता ओटी क्रमांक २ मध्ये'.

आणि कामाचा दर्जा बघा. 'स्टाफला समज दिली', 'काळजी घेण्यास सांगितले' ही कामं नव्हेत, ही सही घेण्याची सोय आहे. ट्रानेक्झामिक अ‍ॅसिडचं (रक्तस्राव कमी करायचं औषध) इंजेक्शन चुकून स्पायनलमध्ये (मणक्यात द्यायच्या भुलीत) गेल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्यात आणि त्यात मृत्यूही झालेत. कारण बहुतेकदा एकच: ते अ‍ॅम्प्युल आणि स्पायनलला लागणाऱ्या बुपिव्हाकेनचं अ‍ॅम्प्युल दिसायला सारखं आणि एकाच ट्रेमध्ये. यावर 'लेबल नीट वाचावे' हा उपाय कच्चा. ट्रानेक्झामिक स्पायनलच्या ट्रॉलीवरून हलवून वेगळ्या कप्प्यात ठेवणं हा पक्का, कारण त्याला कोणाच्या जागेपणाची गरज नाही.

ओटीतल्या दहा मिनिटांत मूळ कारण शोधत बसू नका. तो थंड डीब्रीफ, आठ-पंधरा दिवसांनी, केसपेपर, भुलीचा चार्ट आणि लॅबच्या वेळा समोर ठेवून. मातामृत्यू असेल तर शासनाच्या समीक्षेची प्रक्रिया वेगळी आहे आणि तिचं वेळापत्रकही. ती डीब्रीफने टळत नाही.

काळा कोट

डॉक्टर नाही, वैद्यकीय प्रकरणांचे कागद वाचणं हा व्यवसाय. एक भ्रम दूर करतो. अमेरिकेत २००५ च्या पेशंट सेफ्टी कायद्याखाली, ठरावीक चौकटीत केलेल्या अशा चर्चेला संरक्षण आहे. आपल्याकडे त्या धर्तीचा कायदा नाही. डीब्रीफच्या कागदावर 'गोपनीय' लिहिल्याने तो न्यायालयापासून लपत नाही.

मग लिहायचं काय? पेशंटला काय झालं, काय दिलं, किती वाजता दिलं, हे सगळं केसपेपरवर, त्याच दिवशी. राहिलेलं नंतर लिहिलं तर 'उशिराची नोंद' म्हणून, लिहिण्याची वेळ घालून. खाडाखोड आणि व्हाइटनर हे हरायचे खात्रीचे मार्ग. २००२ च्या नियमांनुसार नोंदी तीन वर्षं जपायच्या आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या आहेत. डीब्रीफच्या कागदावर फक्त व्यवस्थेतल्या दुरुस्त्या, पेशंटचं नाव नको, 'हलगर्जी', 'निष्काळजी' अशी विशेषणं नकोत. केसपेपरवर नसलेली वैद्यकीय घटना डीब्रीफच्या कागदावर असेल तर ती लपवाछपवीच दिसते, तुमचा हेतू काहीही असो.

फौजदारी बाजू: १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१) लागू आहे. नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून उपचार करताना निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालाने (२००५) घालून दिलेली, डॉक्टरवर कारवाई करण्याआधी पोलिसांनी स्वतंत्र वैद्यकीय मत घेण्याची अपेक्षाही ध्यानात ठेवा. टेबलवर मृत्यू झाला आणि शवविच्छेदन होणार असेल तर नळ्या, लाइन, ड्रेन काढू नका. डीब्रीफ त्या खोलीबाहेर घ्या.

मनोमन

सगळे कागद, औषधं आणि घड्याळांवर बोलताहेत. माणसांवरही बोलू. पण आधी इशारा: 'सगळ्यांनी मोकळं व्हा, काय वाटलं ते सांगा' असा मानसिक डीब्रीफ घेऊ नका. १९८३ मध्ये मिशेल यांनी मांडलेली तशी पद्धत खूप पसरली होती. पुढे कोक्रेन या संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात (२००२) दिसलं की एकाच बैठकीतल्या अशा सक्तीच्या उजळणीने आघातोत्तर ताण टळत नाही, काहींमध्ये तो वाढूही शकतो. ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०१८ ची मार्गदर्शिकाही ती देऊ नका म्हणते. तुम्ही वर लिहिलंय तो कामाचा डीब्रीफ, तो वेगळा. दोन्हींची सरमिसळ होऊ नये.

भावना आल्याच तर अडवू नका, उकरूही नका. कोणी रडलं तर पाणी द्या, बसवा, आणि 'थांबायचं का?' एवढं विचारा. व्यावहारिक गोष्टी जास्त उपयोगी पडतात. पुढची मोठी केस त्या व्यक्तीला देऊ नका. घरी गाडी कोण चालवणार ते विचारा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकाने फोन करायचा, आणि तो कोणी करायचा हे तिथेच ठरवायचं. महिना उलटूनही झोप उडालेली असेल, तोच प्रसंग डोळ्यांसमोर येत असेल, ओटीत पाय टाकवत नसेल, तर तज्ज्ञांकडे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं. अल्बर्ट वू यांनी २००० साली अशा डॉक्टरांना 'दुसरा बळी' म्हटलं. शब्द वादग्रस्त आहे, पेशंटच्या घरच्यांना तो खुपतो आणि ते रास्त आहे. पण अवस्था खरी आहे.

तालुका प्लेस

ठीक. वाद मागे घेतो, निदान अर्धा. आमच्यासारख्यांनी सुरुवात पाच घड्याळांपासून करावी हे पटलं. एकच शंका: सर्जनच वॉर्डबॉयवर खेकसला असेल, तर वॉर्डबॉय त्याच सर्जनसमोर काय कप्पाळ बोलणार?

काउंट_बरोबर

नाही बोलणार. म्हणून डीब्रीफ सर्जनने चालवू नये. प्रसंगात ज्याचा हात सगळ्यात कमी होता त्याने चालवावा, शक्यतो ओटी इन्चार्ज सिस्टर. आणि सर्जनने शेवटी येऊन एकच वाक्य बोलावं: 'मी आवाज चढवला, त्यामुळे कोणाला काही सांगायचं राहिलं का?' 'सॉरी' म्हटल्यावर समोरचा 'नाही नाही सर' म्हणून मोकळा होतो. प्रश्न विचारला तर उत्तर द्यावं लागतं.

पाच घड्याळांबद्दल एक राहिलं. भिंतीवरचं घड्याळ, मॉनिटर, भूलयंत्र आणि मोबाइल कधीच एक वेळ दाखवत नाहीत. एकाने भिंतीवरची वेळ लिहिली आणि दुसऱ्याने मॉनिटरची, की सात मिनिटांची दिरंगाई कागदावर दोन मिनिटांची होते, किंवा औषध मागवण्याआधीच दिलेलं दिसतं.

काळा कोट

आणि उलटतपासणीत नेमकं तेच दिसतं.

काउंट_बरोबर

म्हणून दर सोमवारी पहिल्या केसआधी मोबाइलची वेळ बघून बाकीची तिन्ही जुळवायची. मॉनिटरची वेळ बदलायला बहुतेक ठिकाणी पासवर्ड लागतो. बायोमेडिकलवाल्याकडून तो घेऊन इन्चार्जकडे ठेवा. तोवर, प्रसंगात वेळा लिहिणाऱ्याने फक्त भिंतीवरचं घड्याळ बघायचं, आणि कागदावर वरच लिहायचं: 'वेळा भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे'.